चार पाण्याचे सदरे

आमच्या मालकाले कोणी विचारलं ना, का भाऊ, उन्हात पायी चालाले जातो, आंगात काय घालू, तं हे सरळ उत्तर देत नसत. पह्यले त्या माणसाच्या आंगावरचा सदरा चिमटीत धरत, तोंडाजवळ नेत अन् फू करून फुंकत. माणूस बिचकून मागं सरे. "हवा पार गेली तं जा, नाई तं घरी बस," असं सांगून हे आपले मशीनवर. एकदा तं तलाठ्याच्याच सदऱ्यावर फुंकलं. मी आतून डोक्याले हात लावला.

आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाईत, पण सांगाचंच हाय तं घेते. कवडू. अल्लीपूरच्या बाजारात यायचं, म्हंजे आमच्या मालकाचं, शिलाईचं टिनाचं दुकान हाय, मागंच राहाची खोली. घरी तीन एकर वावर, ते दीर पाहतात. यायचा हात लहानपणापासून सुईतच बसला. आमचं लग्न झालं तेव्हा यायच्यापाशी सायकलबी नव्हती. शिवलेले सदरे-पायजामे बोचक्यात बांधाचे, बोचकं पाठीवर घ्याचं अन् आठ गावचे बाजार पायी कराचे. चैत-वैशाखातबी सुट्टी नाई. पाठीवरचं ओझं माणसाले कुठी सोलते, घाम कुठी साचते, कोणत्या शिवणीनं खांद्याले फोड येते, हे सारं यायले स्वतःच्या पाठीनं शिकवलं.

यायचं म्हणणं साधंच होतं. बाही पुरी पाह्यजे, उघडा हात लवकर भाजते. सदरा ढिला पाह्यजे, दोन बोटं ढिला नाई, अख्खी वीत. कॉलर उभी करता आली पाह्यजे, म्हंजे मान झाकते. खांद्याची शिवण पिशवीच्या पट्ट्याखाली येऊ द्याची नाई, उलशी, बोटभर, मागं सरकवाची. बगलेत चौकोनी तुकडा लावाचा, हात वर केला तरी कापड ओढत नाई. डोक्याले सुती दुपट्टा, पाण्यात भिजवून. अन् जोड दोनच न्याचे. एक आंगावर, एक पिशवीत. कोणी चार-पाच जोड नेतो म्हटलं का हे उखडत. "वरातीले चालला का बे?" टेरीकॉटचं तं नावच काढाचं नाई यायच्यापुढं. "त्यात माणूस शिजते," म्हणत.

पण खरी गोष्ट यायची वेगळीच होती. नवा सुती कपडा चार पाण्यातून काढल्याशिवाय उन्हात न्याचा नाई. कारखान्यातून कपडा येते तो कांजी पिऊन येते. तो घाम पीत नाई, हवा सोडत नाई. हे कपड्यावर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडत. थेंब मोत्यासारखा वरच बसला तं कपडा कच्चा. सोडल्याबरोबर जिरला तं पक्का. लोकायले हे पटत नसे. लोकायले नवा कपडा कडक लागते, चमकला पाह्यजे. आमच्या जिल्ह्यात तं खादीले मांड घालून पापडावानी कडक कराची भल्ली हौस. हे म्हणत, "मांड घालाची अन् सभेत जाऊन खुर्चीवर बसाचं. रस्त्यानं चालाचं नाई."

आता माह्या भावाचं सांगते. ओमप्रकाश. आमची माय गेली तेव्हा तो चार वर्षाचा होता अन् मी अकराची. माह्या कडेवर वाढला तो. त्याच्या शाळेच्या सदऱ्याले मीच भाताची मांड घालो, तांब्यात निखारे टाकून तांब्या फिरवो. वर्गात पोट्टे त्याले साहेब म्हणत, अन् मले इकडं आभाळ ठेंगणं होये. आता वर्ध्याले सरकारी हापिसात बाबू हाय. केस काळे करते, पेन खिशाले लावते, साहेब लोकायच्या मागं-पुढं असते. मले बाई म्हणे, भाऊबीजेले न चुकता ये. मी गावात सांगत फिरो, माहा भाऊ आला, माहा भाऊ आला.

दोन वर्षाआधी संक्रांत झाल्यावर तो एका मॅडमले घेऊन दुकानात आला. शाल्मली नाव तिचं, वर्ध्याच्या कॉलेजात शिकवते. पाठीवर पिशव्या टाकून पायी हिंडणाऱ्या लोकायचा एक गट हाय तिचा. ओमप्रकाशबी त्यात घुसलता, कारण गटात मोठमोठे लोक होते. होळी झाल्यावर अल्लीपूरवरून केळझरच्या गणपतीपर्यंत तीन दिवस पायी जाचं, असा तिचा बेत.

"मागच्या वर्षी अर्ध्यातूनच परत आलो, काका," ती म्हणे. "सगळ्यांच्या अंगावर घामोळं, काखा सोललेल्या. सगळ्यांनी महागातले कंपनीचे कपडे घेतले होते. कपडेच चुकले."

यायनं उठून तिच्या कुर्त्याची बाही धरली अन् फुंकलं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती पोरगी हसली अन् तिनं दुसरी बाहीबी पुढं केली. मंग दोघं दोन घंटे बोलत बसले. चहा थंड झाला, मी दुसरा केला, तोबी थंड झाला. जाता जाता ती म्हणे, "काका, बावीस जणांचे कपडे तुम्हीच करा. आणि निघायच्या दिवशी सगळ्यांसमोर पंधरा मिनिटं सांगा, उन्हात काय घालायचं आणि का. यापुढं दरवर्षी तुम्हीच सांगायचं."

ती गेल्यावर यायनं थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. मंग म्हणे, "धुरपते, चाळीस वर्षात लोकायनं मले 'शिवून दे' म्हटलं. 'सांग' असं कोणी नाई म्हटलं आजवर."

एवढंच पाह्यजे होतं या माणसाले. हार नाई, तुरा नाई. चार शिकल्या-सवरलेल्या लोकायनं पंधरा मिनिटं आपलं ऐकावं, बस. त्या पंधरा मिनिटाची तयारी दीड महिना चालली. मशीन चालवता चालवता बडबड, जेवता जेवता बडबड. मी म्हणो, "अवो, भाजी थंड होऊन राह्यली, खांद्याची शिवण उद्या सरकवजा मागं."

अन् धुणं कोणी धुतलं? म्या. बावीस माणसं, प्रत्येकाचे दोन जोड, वरून दुपट्टे. चार-चार पाणी. माह्या बोटायचे सालटे निघाले. वाळलेला एकेक कपडा हे हाती घेत, थेंब टाकत. जिरला तं डाव्या बाजूले, नाई तं परत माह्या बादलीत. "तुमच्या हाताले काय रोग झाला का धुवाले?" असं मी ओरडली तं म्हणे, "तुह्या हातासारखं कांजी काढणं मले जमत नाई वं." गोड बोलून काम काढणं यायले चांगलं जमे. पण शेवटी सारे कपडे पक्के झाले. चुरगाळलेले, मऊ, लेकराच्या लंगोटावानी. दिसाले काहीच नाई. आंगात घातले तं घातल्यासारखे वाटत नसत.

निघाच्या दोन दिवस आधी ओमप्रकाश गाडी घेऊन आला. "मी नेतो, बाई. नावाच्या चिठ्ठ्या लावून सगळ्यायच्या घरी पोचवतो, म्हंजे सारे घालूनच येतील." आपल्या भावाच्या हाती द्याले कोण विचार करते? म्याच गठ्ठे उचलून गाडीत ठेवले.

निघाच्या दिवशी सक्काळी शाळेच्या पटांगणात गेलो तं पाहतो काय, बावीस माणसं ओळीनं उभे, पांढरेशुभ्र. बाहीले सुरीसारखी घडी. कोणी हात हलवला का कडकड आवाज. मले क्षणभर बरं वाटलं, खोटं कायले बोलू. किती शोभून दिसत होते! मंग मी यायच्या तोंडाकडं पाह्यलं.

जवळच अंकिता नावाची एक पोरगी उभी होती, बँकेत काम करणारी. यायनं तिची बाही चिमटीत धरली, फुंकली. हवा पार गेली नाई. तिच्याच बाटलीतून बोटावर पाणी घेतलं अन् थेंब सोडला. थेंब वरच बसला. हे तसेच ओमप्रकाशकडं गेले. मी मागं मागं.

"कोणी केलं हे?"

"भाऊजी, हळू बोला ना," ओमप्रकाश म्हणे. "झेंडी दाखवाले आमच्या हापिसाचे साहेब येऊन राह्यले, पेपरवाले येऊन राह्यले. ते गबाळे कपडे फोटोत दिसले असते तं माही इज्जत राह्यली असती का? लाँड्रीतून मांड घालून आणले. कसे दिसून राह्यले पाहा."

"दुपट्टेबी?"

"दुपट्टेबी."

"मांड ओली झाली का चिक्कट होते रे. घामानं आंगाले चिकटन, हवा बंद. थांबव सारं. घंटाभर लागन, आताच्या आता पाण्यातून काढू, मंग निघा."

तो हसला. "साहेब आल्यावर काय ओले कपडे दाखवू त्यायले?"

हे वळले अन् शाल्मली मॅडमकडं निघाले. अन् म्या, म्याच यायचा हात धरला. "चार लोकायपुढं नका बोलू. माहा भाऊ हाय तो. तोंड दाखवाले जागा राहणार नाई त्याले. दुपारच्या मुक्कामी मी सारे कपडे पाण्यातून काढते, पण आता नका बोलू. माहं एवढं ऐका."

यायनं माह्याकडं पाह्यलं अन् थांबले. लग्नापासून या माणसानं माह्या माहेरच्या कोणाले चारचौघात उलट शब्द बोलला नाई. साहेब उशिरा आले, लय बोलले, फोटो काढले. उन्ह चढून गेलं. पंधरा मिनिटाचं काय, म्हून मॅडमनं विचारलं तं ओमप्रकाशच म्हणे, "आता टाइम नाई, भाऊजी दुपारी बोलतील." हे सगळ्यायच्या मागून चालाले लागले.

दुपारचा मुक्काम अकरा किलोमीटरवरच्या एका गावच्या शाळेत होता. मी टेंपोत बसून सैपाक घेऊन पुढं गेलती. भाकरी, झुणका, ताकानं भरलेली मोठी गंजी. साडेनवाले येणारे लोक साडेअकराले आले. अन् कसे आले, बाप्पा! घामानं मांड सुटलती. सदरे पाठीले लेप दिल्यासारखे बसलते, अन् जिथं वाळले तिथं पत्र्यावानी कडक. पिशवीच्या पट्ट्याखाली खांदे सोलले. कॉलरच्या काठानं माना लाल. दुपट्टे भिजवून बांधाले गेले तं डोक्याले चिकट लगदा झाला, ते फेकून उघड्या डोक्यानं चालत आलते. अंकितेले दोघायनं धरून आणली. तिले भोवळ आलती. कडुलिंबाखाली झोपवली, ओल्या फडक्यानं पुसली, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. घंटाभरानं उठून बसली, पण तोवर माहा जीव टांगणीले लागलता. पाच-सहा जणायनं तं घरून गाड्या बोलावल्या.

शाल्मली मॅडमचं तोंड रागानं अन् भीतीनं पांढरं पडलतं. ती यायच्या समोर येऊन उभी राह्यली. "काका, हे काय झालं? मी तुमच्या भरवशावर या सगळ्यांना उन्हात आणलं."

यायनं तोंड उघडाच्या आधी ओमप्रकाश बोलला. सगळ्यायले ऐकू जाईन असा बोलला. "मॅडम, जाऊ द्या. भाऊजींचं वय झालं आता. चार पाण्यातून काढतो म्हणलेते, एकबी पाणी दाखवलं नसन. कारखान्याची कांजी जशीच्या तशी ठेवली. मी तं पह्यलेच सांगत होतो, का कंपनीचेच कपडे घ्या. गावच्या माणसाच्या नादी नका लागू."

माह्या हातात ताकाची पळी होती. मले वाटलं माह्या कानानं काही चुकीचं ऐकलं. याच तोंडात म्या घास भरवला होता ना?

आमच्या यायनं ओमप्रकाशकडं पाह्यलंबी नाई. यायनं माह्याकडं पाह्यलं.

कपडे कोणी धुतले हे मले माहीत होतं. मांड कोणी घातली हेबी मले माहीत होतं. माहे हात तिथंच होते, सालटे निघालेले. "म्या धुतले चार पाण्यात, मांड यानं घातली." एवढंच बोलाचं होतं. पण तिकडं माहा भाऊ उभा, त्याच्या हापिसातले दोन जण बाजूले, अन् त्याचे डोळे माह्यावर. माही मान खाली गेली. म्या गंजीत पळी घातली अन् समोरच्या वाटीत ताक ओतलं.

"हाव मॅडम," हे म्हणे. "माहंच चुकलं."

मंग चप्पल घातली, डोक्याले आपला जुना दुपट्टा गुंडाळला अन् भर उन्हात अल्लीपूरच्या रस्त्यानं पायी निघून गेले. कोणी थांबवलं नाई. म्याबी नाई.

टेंपोत भांडी चढवताना म्या ओमप्रकाशले बाजूले घेतलं. "काऊन बोलला तू असं? काय बिघडवलं होतं यायनं तुहं?"

"बाई, कोणाच्या तं आंगावर दोष याचाच होता," तो म्हणे. "मले वर्ध्यात नोकरी करा लागते, चार लोकायत उठा-बसा लागते. भाऊजींले कोण ओळखते?"

ज्याले कडेवर वागवलं त्यानं गळा कापला, अन् वरून हे असं. त्या वर्षी म्या भाऊबीजेले ताट केलं नाई. पण गावात कोणाले सांगतलंबी नाई. काय सांगू? माहेरची अब्रू, म्हून गिळून घेतलं.

हे मले त्याबद्दल एक शब्द बोलले नाई. ना त्या दिवशी, ना नंतर. जेवण, बाजार, दुकान, सारं जसंच्या तसं. फकस्त कोणाच्या सदऱ्यावर फुंकणं बंद झालं. कोणी विचाराले आलं, का पायी जातो, काय घालू, तं म्हणत, "बाजारात विचारा. मले त्यातलं समजत नाई." मी आत पोळ्या लाटत ऐको अन् लाटणं थांबे.

दहा महिन्यानं, संक्रांतीच्या सुमारास, यायच्या मोबाईलवर त्या गटाचा मेसेज आला. यायचा नंबर मोबाईलच्या गटातून काढाची कोणाले आठवणच राह्यली नवती. लांबलचक मेसेज. उन्हात पाठीवर पिशवी घेऊन चालताना कपडे कसे निवडावे. बाही पुरी. सदरा अख्खी वीत ढिला. बगलेत चौकोनी तुकडा. जोड दोनच. नवा कपडा चार पाण्यातून काढा, थेंब टाकून पाहा, मांड अजिबात घालू नका. अन् खाली, 'निघण्यापूर्वी श्री. ओमप्रकाश यांचे पंधरा मिनिटे मार्गदर्शन.'

माह्या आंगाची लाही लाही झाली. मी मोबाईल घेऊन तणतणत दुकानात गेली अन् यायच्या डोळ्यापुढं धरला. यायनं चष्मा लावून सारं वाचलं, सावकाश.

"बरोबर लिवलं हाय," हे म्हणे. "खांद्याच्या शिवणीचं तेवढं विसरला."

अन् काज कराले लागले. मले तिथं रडू फुटलं, पण यायनं वर पाह्यलं नाई.

दुसऱ्या दिवशी मी एकटी एसटीत बसली, वर्ध्याले गेली, कॉलेज शोधलं अन् शाल्मली मॅडमले सारं सांगतलं. पटांगणातलं, लाँड्रीचं, म्या यायचा हात धरला तेबी. तिनं तिथंच माह्यासमोर ओमप्रकाशले फोन लावला. आधी तो नाई नाई म्हणे. मंग तिनं लाँड्रीवाल्यालेच विचारते म्हटलं, तेव्हा गप झाला. फोन ठेवून ती मले म्हणे, "काकू, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी पदर डोळ्याले लावून बसली.

ओमप्रकाशले तिनं गटातून काढलं अन् का काढलं तेबी सगळ्यायले लिवून कळवलं. रविवारी स्वतः अल्लीपूरले आली. दुकानात गिऱ्हाईक होते, त्यायच्यासमोर यायले हात जोडले. "काका, मी न विचारता तुम्हाला दोष दिला. माफ करा. या वर्षी तुम्हीच सांगायचं, पंधरा मिनिटं नाही, तासभर."

यायनं तिले खुर्ची देल्ली, पाणी देल्लं. "नाई पोरी," म्हणे. "आता नाई होत. खांद्याच्या शिवणीचं मात्र लोकायले सांगजा, ते राह्यलं हाय त्यात." तिनं लय विनवलं. हे हसून मान हलवत राह्यले. चहा पिऊन ती गेली, जाता जाता वळून वळून पाहत गेली.

गिऱ्हाईक गेल्यावर मले राहवलं नाई. मी यायच्या मशीनसमोर जाऊन उभी राह्यली. "आता काय राह्यलं तुमचं? मी गेली, सारं सांगतलं. माह्या भावाचं नाव पार धुळीले मिळालं. त्या पोरीनं चारचौघात हात जोडले. तरी तुमचा राग जात नाई?"

यायनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"तिच्यावर कायचा राग? तिले काय माहीत होतं," हे म्हणे. "ओमप्रकाशचंबी सोड, तो परक्या घरचा. पण त्या दिवशी मी तिच्याकडं नवतं पाह्यलं, धुरपते. तुह्याकडं पाह्यलं होतं."